देशाचा वाटा आणि चिंचेचा ओंडका

मी एक जुना ओंडका आहे, मित्रांनो. चिंचेचा, जाडजूड, गोल, तुमच्या गुडघ्याएवढा उंच. मटणाच्या दुकानात ज्याच्यावर मटण तोडतात तो मी. लगेच नाक मुरडू नका. तुमच्यापैकी कुणाच्या घरी मटण शिजत असेल, कुणाच्या घरी नसेल, माझी माया दोघांवरही सारखीच आहे. शिवाय मी स्वतः जन्मात एक घास खाल्लेला नाही. लाकूड शाकाहारीच असतं.

लहानपणी मी झाड होतो. रस्त्याच्या वळणावर उभा असायचो आणि शाळा सुटली की मुलं मला दगड मारायची. मला राग यायचा नाही. आपल्याकडे काही आंबटगोड असल्याशिवाय कोण कशाला दगड मारायला येईल? पुढे तो रस्ता रुंद करायचं ठरलं आणि मी आडवा झालो. फांद्या भट्टीत गेल्या, बुंध्याचे काप पडले. सगळ्यात जाड काप खाटीकमामांच्या वडिलांनी उचलला. चिंचेचं लाकूड चिवट असतं, सत्तुराच्या घावाने त्याच्या कपच्या उडून मटणात जात नाहीत, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी मला सावलीत वाळवलं, तेल पाजलं, मिठाने चोळलं आणि लोहाराकडे नेऊन कमरेला लोखंडी पट्टा घालून आणला. नवरदेवाचाही इतका थाट होत नसेल. मग चौघांनी धापा टाकत मला दुकानात आणून ठेवलं. पुढे वडील गेले, मामा मालक झाले आणि मी होतो तिथेच राहिलो. मला हलवण्याची कुणाची ताकद नव्हती.

दुकान छोटंसं होतं. कमरेपर्यंत पांढऱ्या फरश्या, वर मटण टांगायच्या आकड्यांची दांडी, कोपऱ्यात पाण्याची बादली आणि फळीवर एक रेडिओ. रोज सकाळी मामा मला गरम पाण्याने खरवडून काढायचे, दुकान बंद करताना मूठभर मीठ चोळायचे. घाव खाऊन खाऊन मी मध्ये बशीसारखा खोलगट झालो होतो, पण तब्येत ठणठणीत होती.

मामांची थोरली बहीण, ताई, गावाबाहेरच्या माळावर शेळ्या पाळायची. दुकानात येणारे बोकड तिचेच. बोकड आणून दिला की ती त्याचा स्वभावही सांगून जायची. हा तांबडीचा, भारी हट्टी, लवकर शिजायचा नाही. हा मात्र गरीब आहे, आईच्या मागेमागे असायचा. मामा गिऱ्हाइकाला तसंच्या तसं सांगत. आजचा हट्टी आहे, अर्धा तास जास्त ठेवा. लोक आधी हसायचे. घरी जाऊन पातेल्यात डाव घालून बघायचे आणि दुसऱ्या दिवशी येऊन म्हणायचे, मामा, तुमच्या बोकडाने अगदी शेवटपर्यंत ऐकलं नाही हो. असं दुकान पंचक्रोशीत दुसरं नव्हतं. खिमा घ्यावा तर याच ओंडक्यावरचा, असं लोक म्हणत. मी लाजत असे. लाकडाचं लाजणं दिसत नाही, एवढंच.

मग दिवस पालटले. आधी गिऱ्हाईक कमी झालं, मग बोकड कमी झाले. कोपऱ्यावर काचेच्या दारांचं एक थंडगार दुकान निघालं. तिथे कोंबडीचे तुकडे पांढऱ्या तबकात घालून, वर चकचकीत कागद लावून मिळत. त्या कोंबडीचा स्वभाव कसा होता हे तिथे कुणी विचारत नसे. आमचे मामा माश्या मारत बसू लागले. मटणाच्या दुकानात हे काम खरोखरचं असतं, पण दिवसभर तेवढंच करावं लागणं वाईट.

नेमकं त्याच वेळी रेडिओ सांगू लागला की देशातलं मांसाचं उत्पादन कधी नव्हे इतकं वाढलं आहे. मामांनी हातातला माश्या मारायचा फटका खाली ठेवला. पशुधन खात्यात एक साहेब होते. गोठ्यागोठ्यांतून फिरून जनावरं मोजणं हे त्यांचं काम. ते आमचं जुनं गिऱ्हाईक, अर्धा किलोचं. मामांनी त्यांनाच गाठलं. साहेबांनी समजावून सांगितलं की देशातलं सगळं मांस सगळ्या माणसांत वाटलं, तर दरवर्षी माणशी सात किलो येतं आणि दर वर्षी हा आकडा वाढतोच आहे.

मामांनी मान डोलावली, पण त्यांच्या डोक्यात भलतंच शिरलं. रेशनच्या साखरेसारखं, सरकारने प्रत्येकाच्या नावावर सात सात किलो मटण काढून ठेवलेलं आहे आणि आपल्या गल्लीतले लोक ते नेतच नाहीत, असा त्यांनी अर्थ लावला. दुसऱ्या दिवशी ते धुतलेला सदरा घालून घरोघर निघाले. आल्यावर ते मामीला सगळं सांगत होते, म्हणून मला कळलं. पहिलं घर निवृत्त मास्तरांचं. मास्तरांना डॉक्टरांनी दूध-भातावर ठेवलेलं.

"मास्तर, तुमचे सात किलो जातात कुठे?" मामांनी विचारलं.

मास्तरांनी चष्मा पुसून घेतला. "गेल्या उन्हाळ्यात जावई मुक्कामाला होता," ते म्हणाले. "माझे, हिचे आणि आमच्या पुढच्या दोन जन्मांचे सात सात किलो तोच खाऊन गेला. त्याच्याकडे माग."

मग मास्तरांनी त्यांना बसवून सरासरी म्हणजे काय ते शिकवलं. मामा चेहरा पाडून परत आले. एकाने चौदा खाल्ले आणि दुसऱ्याने शून्य, तरी दोघांच्या नावावर सात सात लागतात, असला हिशेब त्यांनी दुकानात कधी केला असता तर गिऱ्हाइकाने सत्तूर हिसकावून घेतला असता.

त्याच आठवड्यात ताई आली. रिकाम्या हाताने. उभ्या उभ्याच तिने सांगून टाकलं की शेळ्या विकल्या. बंदरावरचे व्यापारी सगळा कळप घेऊन गेले, आता ते बोकड बोटीत बसून परदेशी जातात. माळावर प्लॉट पडले, चारायला जागा उरली नाही आणि शेळ्यांच्या मागे धावून तिचे गुडघे गेले. म्हणून तिने लांबलचक शेड बांधली होती, कोंबड्यांची. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं आणि वाढलेल्या कोंबड्याही कंपनीच्याच. ताईची फक्त शेड आणि जागरण.

"मग मी काय तोडू?" मामांनी विचारलं.

"तू पण कोंबडी विक की."

"बाबांच्या ओंडक्यावर कोंबडी?" मामांचा आवाज चढला. "तुझी शेळीसुद्धा परदेशात गेली ताई. तूही जा."

ताई पाणी न पिता निघून गेली. भावाबहिणीचं बोलणं बंद झालं.

आता खरा पेच उभा राहिला. मामीने स्पष्ट सांगितलं की महिनाअखेरपर्यंत दुकान चाललं तर ठीक, नाहीतर गाळा शेजारच्या मोबाइलवाल्याला द्यायचा. मोबाइलवाला लगेच जागा बघायला आला. भिंती बघितल्या, फरश्या बघितल्या, मग मला पायाने ठोकून बघत म्हणाला, याच्यावर गादी टाकली की गिऱ्हाइकाला बसायला स्टूल होईल. मित्रांनो, आयुष्यभर मी सत्तुराचे घाव सोसले, पण हा घाव जिव्हारी लागला.

मामीने शेवटचा उपाय म्हणून फ्रीझर आणला आणि गोठवलेल्या कोंबड्या भरल्या. दगडासारख्या. पहिलंच गिऱ्हाईक आलं तेव्हा मामांनी घाईघाईत तसलीच एक कोंबडी माझ्यावर ठेवली, दात-ओठ खाल्ले आणि सत्तूर हाणला. कोंबडी तुटली नाही. ती उडाली. उंबऱ्यावरून घसरत, रस्ता ओलांडून, नेमक्या त्याच वेळी येणाऱ्या साहेबांच्या दोन पायांतून पलीकडे गेली. साहेबांनी जन्मभर कोंबड्या मोजल्या होत्या, पण मेल्यावर पळणारी कोंबडी त्यांनी पहिल्यांदाच पाहिली. सगळे हसले. फक्त मला हसता आलं नाही, कारण माझा पट्टा तुटला होता आणि मला एक लांब भेग गेली होती.

मामांनी भेगेवरून हात फिरवला. मला गडगडत परसात नेलं. माझ्यावर मामीने कपड्यांची बादली ठेवली. बादली नसेल तेव्हा मांजर झोपायचं. मीठ नाही, तेल नाही. ऊन आणि दव. मोबाइलवाला दर दोन दिवसांनी येऊन भिंतीची मापं घेत होता.

आणि मग देशात कोंबड्यांचा पूर आला. रेडिओवाला आनंदाने सांगत होता, विक्रमी उत्पादन. सगळ्यांनीच शेडी बांधल्या होत्या, त्यामुळे भाव जमिनीवर आले. ताईच्या कोंबड्या तयार झाल्या, तरी कंपनीची गाडी आली नाही. थांबा, म्हणाले. कोंबड्यांना थांबणं कळत नाही, त्या खात राहतात. ताईच्या कोंबड्या इतक्या फुगल्या की दोन पावलं चालून बसायच्या आणि एकमेकींकडे दमलेल्या बायकांसारख्या बघायच्या. मग कंपनीने कळवलं की माल तुमचा तुम्हीच विका, आम्हाला नको.

दुपारी दुकानासमोर टेम्पो थांबला. जाळीच्या पेट्या एकीवर एक आणि पुढे ताई. ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. मी परसात होतो, पण मधलं दार उघडं होतं. मला सगळं ऐकू येत होतं.

"पाणी मिळेल का?" ती म्हणाली. "मागच्या वेळी राहिलं होतं."

मामी तांब्या घेऊन धावली. मामा टेम्पोकडे बघत राहिले. ताईने सगळं सांगितलं, मान खाली घालून. शेडीचं कर्ज तिने बोलून दाखवलं नाही, पण तिचे हात पदराचं टोक पिळत होते.

"किती आहेत?" मामांनी विचारलं.

"मोजू नकोस," ताई म्हणाली. "उतरव."

पेट्या उतरल्या आणि मामांच्या लक्षात आलं की तोडायचं कशावर? ते तडक परसात आले. मांजराला हाकललं, भेग बघितली, मान हलवली. मागोमाग ताई आली. तिने गुडघे धरत माझ्याशेजारी बैठक मारली, माझ्या बुडाखालची माती खरवडली आणि भावाला हाक मारली.

"अरे, याला खालून कधी बघितलंस का?"

कुणीच बघितलं नव्हतं. मीसुद्धा नाही. सगळ्यांनी मिळून मला उलटा केला. दोन गोगलगायी घाईने आपापल्या वाटेने निघाल्या. खालची बाजू सपाट, घट्ट, कोरी. भेग वरून येऊन निम्म्यातच थांबली होती. लोहाराने तासाभरात नवा पट्टा ठोकला, मामीने तेल आणलं, ताईने स्वतः मीठ चोळलं.

तरी मामांचा हात अडला. सत्तूर उचललेला, समोर कोंबडी. "बाबांनी हा बोकडासाठी घेतला होता, ताई."

"बाबांनी दुकान चालावं म्हणून घेतला होता," ताई म्हणाली. "बोकड काय, त्यांच्या वेळी तेवढेच होते."

सत्तूर खाली आला. नव्या बाजूवर पहिला घाव बसला आणि मला, काय सांगू, गुदगुल्या झाल्या.

गल्लीत बातमी पसरली. कंपनीने नको म्हटलेल्या त्या गुबगुबीत कोंबड्यांचाही ताईने स्वभाव सांगितला. सगळ्यांचा एकच होता. आळशी, पटकन शिजणाऱ्या. थंड दुकानापेक्षा स्वस्त आणि समोर तोडलेल्या, म्हणून रांग लागली. मास्तर जावयासाठी घेऊन गेले आणि जाताना म्हणाले, मामा, या आठवड्यात आपल्या गल्लीने देशाची सरासरी वर खेचली. साहेब तर अर्ध्याचे एक किलो झाले. मोबाइलवालाही रांगेत होता. त्याचा नंबर आला तेव्हा मामांनी त्याला विचारलं, बसायला गादी देऊ का?

गाळा द्यायचा बेत मामीने त्याच आठवड्यात मोडला. ताईने अर्ध्या शेडीत पुन्हा शेळ्या बांधल्यात, त्यातली एक तांबडी आहे आणि तिचा हट्टही तसाच आहे. आता माझ्यावर बहुतेक दिवस कोंबडी असते, कधीकधी बोकड. देशात पुढे काय वाढेल आणि काय घटेल ते साहेबांना ठाऊक. मी ओंडका आहे, मला समोर ठेवलेलं कळतं.

पण मित्रांनो, एक विनंती आहे. घरात एखादी वस्तू झिजली, खोल गेली, तडकली, तर तिला रोज हात लावा, तेल-मीठ द्या. आणि तरी तुम्हाला ती टाकून द्यावीशी वाटली, एखाद्या माणसाशी कायमचं बोलणं बंद करावंसं वाटलं, तर आधी चार जण बोलवा, थोडे वाका, आणि एकदा उलटून बघा. जड असतं, मला माहीत आहे. पण गोगलगायींच्या खाली काय आहे ते बघितल्याशिवाय कुणालाच कळत नाही.