बिनतोंडाची पाहुणी

कॉलेजच्या कॅन्टीनमधून कोणी अर्धपोटी गेलं तर मावशींना तो स्वतःचा अपमान वाटे. आणि सोमवारी सकाळी त्यांची गाठ नेमकी अशाच एका पाहुणीशी पडली. खिडकीच्या जाळीवर ताटाएवढा पतंग बसला होता. विटकरी पंख, त्यांत काचेसारख्या तिकोनी खिडक्या आणि पंखांच्या टोकाला हुबेहूब सापाचं डोकं! मावशी आधी किंचाळल्या, मग लाडात आल्या.

साखरपाणी झालं, पिकलं केळं झालं, मध झाला. पाहुणीनं ढुंकूनही पाहिलं नाही. मावशींचा पारा चढला. त्यांनी जीवशास्त्र शिकवणाऱ्या धाकट्या दिराला थेट वर्गातून उठवून आणलं.

"वहिनी, ही मादी आहे. अमृत दिलंत तरी खायची नाही. खायला तोंडच नाही तिला!"

"अगं बाई! मग जगते कशावर?"

"अळी होती तेव्हा चापून घेतलं ना, त्यावर. कॅन्टीनमागच्या पेरूच्या झाडाचा खराटा कोणी केला, वाटलं तुम्हाला? आता त्याच शिदोरीवर आठवडाभर काढायचा आणि तेवढ्यात लग्न जमवायचं. शेजारची खिडकी उघडी ठेवा, हिच्या वासावर नवरे येतील."

मावशी हसून हसून ओट्याला टेकल्या. "जेवण आधी, लग्न मागाहून! भावजी, पोरगी हुशार आहे हो."

मंगळवारी त्यांनी कुलूप उघडलं तर आत पाच नवरे! एक झाऱ्यावर, एक घड्याळावर, दोन दिव्याभोवती घिरट्या घालतायत. पाचव्यानं मात्र बाजी मारली होती. तो जाळीवर नवरीच्या शेपटीशी शेपटी जुळवून बसला होता.

"मिशा बघा कशा झुबकेदार!" मावशी म्हणाल्या.

"मिशा कसल्या, वास घ्यायचं नाक आहे ते," दीर म्हणाला.

मावशींनी हौसेनं कढईभर गोडाचं केलं. पोरं बाकांवर चढून टाळ्या पिटू लागली. तेवढ्यात प्राचार्य चहाला आले. त्यांच्या नुसत्या खाकरण्यानं वर्ग चिडीचूप व्हायचे. झाऱ्यावरचा नवरा उडाला आणि त्यांच्या टकलावर ऐसपैस पसरला.

"हलू नका, सर!" दीर ओरडला.

"चावेल का हो?"

"कशानं चावेल? तोंडच नाही त्याला!" मावशी म्हणाल्या आणि अख्खं कॅन्टीन हसत सुटलं. प्राचार्यही हसायला लागले, पण मान न हलवता, नुसतं पोट हलवत. तसेच ताठ बसून त्यांनी दोन बशा गोड संपवलं. वीस मिनिटांनी पतंग उडाला. त्यांनी हळूच टकलावरून हात फिरवला आणि लहान मुलासारखं विचारलं, "गेला?"