बेचाळीसजणींत एक बिल्ला

"हलू नकोस गं, नाहीतर शेपूट काढून ठेवीन तुला," असं दटावत लाइनबाईने जमिनीवर आडव्या पडलेल्या काजेवालीभोवती मार्कर फिरवला. चार मोठे कागद एकमेकांना चिकटवले होते, तरी काजेवालीची पावलं बाहेरच आली.

"आणखी एक जोडा. आमचं माप कंपनीच्या कशातच बसत नाही," काजेवाली छताकडे बघत म्हणाली आणि युनियनच्या हॉलमध्ये हशा पिकला.

सुट्टीचा दिवस होता. शिवण कारखान्यातल्या वीस-बावीस जणी घरची कामं अर्धीमुर्धी उरकून आल्या होत्या. शिकवायला आलेली बाई स्वतः पंधरा वर्षं मशीनवर बसलेली. खांदा गेला, मशीन सुटलं, तेव्हापासून ती युनियनतर्फे गावोगाव हेच शिकवत फिरत होती की कामाने शरीराचं काय होतं आणि ते होऊ नये म्हणून काय मागायचं. उद्या मॅनेजरबरोबर बैठक होती. मागण्यांची यादी आज इथेच ठरायची होती, आणि ती वाचून दाखवणार होती लाइनबाई, मशीनच्या लाइनीची मुकादम. दरवेळी तीच वाचायची. तिच्यासमोर मॅनेजरसुद्धा खुर्चीत सरळ बसतो म्हणत.

शिकवणाऱ्या बाईने ते चित्र भिंतीवर लावलं आणि प्रत्येकीच्या हातावर लाल चिकट ठिपके ठेवले.

"जिथे दुखतं तिथे लावायचा. नाव नाही, गाव नाही. एकेकीने जायचं, बाकीच्यांनी खिडकीकडे तोंड करायचं. चोरून बघितलं तर चहा मिळणार नाही!"

लाइनबाईने दोनच ठिपके लावले, एक मानेला, एक गुडघ्याला. सगळ्यांचं झालं तेव्हा त्या वळल्या. मान, खांदे, मनगटं लाल झाली होती. ते तर होणारच होतं. पण ओटीपोटावर ठिपक्यांवर ठिपके बसले होते. खालचा कागद दिसत नव्हता.

"इथे काय होतं?" शिकवणाऱ्या बाईने विचारलं.

शेवटी काजेवालीलाच राहवलं नाही. "काय व्हायचंय! अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर."

"जावई कसला," मागून आवाज आला, "इथे तर सासूच लाइनबाई!"

हसू फुटलं आणि अर्ध्यातच विरलं. दाराजवळ बसलेली लाइनबाईची सून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

लाइनबाईची कानशिलं तापली. असं कसं म्हणतात या? सात वर्षांपूर्वी सुपरवायझर बाथरूमच्या दारावर फुटपट्टी आपटत उभा राहायचा, तेव्हा लाइन कुणी बंद पाडली होती? तिनेच. भांडून तिने पितळेचा बिल्ला मिळवला होता. ज्या बाईच्या गळ्यात बिल्ला, तिला बाथरूमला जाताना कुणी हटकायचं नाही. एक गेली, ती परत आली, की दुसरी. बायकांनी त्या दिवशी तिला डोक्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं होतं. तेव्हा लाइनीत एकोणीस जणी होत्या. आता बेचाळीस होत्या आणि बिल्ला एकच होता, हे तिच्या लक्षात नव्हतं असं नाही. लक्षात होतं, पण आपण लढून आणलेल्या गोष्टीत खोट काढायची कुणी? तिने कधी काढली नाही.

आणि सून लाइनीत आल्यावर तर ती जास्तच कडक झाली होती. घरातली म्हणून सूट दिली असं कुणी म्हणायला नको. लेकी बोले सुने लागे म्हणतात. इथे सुनेला बोललं की बाकीच्या एकेचाळीस जणींना लागायचं. कामावर सुनेने तिला आई म्हणायचं नाही, बाई म्हणायचं. आणि बिल्ला सुनेला सगळ्यांच्या शेवटी.

"बरं, दुसरं सांगा," शिकवणारी बाई सहज बोलल्यासारखी म्हणाली, "घरून पाण्याची बाटली आणता ना? संध्याकाळी ती किती भरलेली असते?"

आता मात्र सगळ्या मोकळ्या हसल्या. "भरलेली कशी न्यायची? घरी बोलणी बसतील," एक तरुण पोरगी म्हणाली. "गेटजवळच्या कुंडीत ओततो ना सगळ्या. उगाच नाही ते झाड एवढं माजलंय!"

सून हसली नाही.

लाइनबाईने तिच्याकडे पाहिलं आणि तिला दवाखाना आठवला. गेल्या बुधवारचा. सुनेला दोन महिन्यांत तिसऱ्यांदा ताप आला होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, आता लघवीचं दुखणं मूत्रपिंडापर्यंत पोचलंय, आणखी एकदा झालं तर भरती करावी लागेल, आणि पुढचं मी सांगू शकत नाही. पाणी पितेस का म्हणून त्यांनी सुनेला विचारलं, तर उत्तर लाइनबाईनेच दिलं होतं. "पिते हो! मी स्वतः बाटली भरून देते, संध्याकाळी थेंब नसतो." आणि सून मान खाली घालून बसली होती, आत्ता बसली होती तशीच.

बाटलीतलं पाणी कुंडीत जात होतं, पोरगी वाळत चालली होती, आणि आपण डॉक्टरसमोर तिच्या पाण्याची साक्ष देत होतो.

फळ्यावर मागण्या लिहिल्या जाऊ लागल्या. पाठ टेकेल अशी खुर्ची. कात्रीवाल्यांना जाळीचे हातमोजे. इस्त्रीपाशी पंखा. सगळं आलं. ठिपक्यांच्या त्या ढिगाबद्दल एकीनेही तोंड उघडलं नाही. सगळ्या लाइनबाईकडे बघत होत्या आणि बघत नसल्यासारखं दाखवत होत्या.

ती उठली. गुडघा कटकन वाजला. तिने खडू घेतला आणि खुर्चीच्याही वर, अगदी कडेला, जागा होती तेवढ्यात लिहिलं: बिल्ला बंद. जिला लागेल तिने उठून जावं.

"उद्या हे पहिलं वाचीन," ती म्हणाली. "मॅनेजर म्हणेल, बाई, हा नियम तर तुमचाच. म्हणू दे. माझाच होता. चुकलंच माझं."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. काजेवालीने उगाच नाक ओढलं आणि शेजारणीला म्हणाली, "चहा कुठे अडकला गं?"

चहा आला, कपांची फिरवाफिरवी झाली. त्या गडबडीत सून जागची उठली. हॉलचं दार सताड उघडं होतं, बाथरूम समोर चार पावलांवर होतं, आणि तिला अडवणारं तिथे कुणीही नव्हतं. तरी ती आधी लाइनबाईपाशी आली, दोन्ही हात पोटाशी धरून उभी राहिली.

"बाई," ती हळूच म्हणाली, "जाऊन येऊ?"

लाइनबाईने हातातला कप खाली ठेवला.

"चल," ती म्हणाली, "मलाही सकाळपासून जायचंय."