पुतळामावशीची परात

"झाकली! आता सांगा, कोन बोलतंय पयला?"

पुतळाने परातीवर टॉवेल टाकला आणि ओटीवर मांडी घालून बसलेल्या पोरांनी एकदम हात वर केले. टॉवेलाखाली लिंबू होतं, शिंपली होती, कंगवा, कुलूप, सुक्या बोंबलाचा तुकडा आणि असंच घरातलं काहीबाही. पोरांनी आठवून आठवून एकेक वस्तू सांगायची. कोणी चुकलं की बाकीची चिडवायची आणि त्यातच दुपार सरायची. पुतळाला खरं म्हणजे तेवढंच हवं होतं. गावाच्या चारी बाजूंनी नवी मुंबईचे सेक्टर उभे राहिले, इमारतींतले नवरा-बायको दोघंही नोकरीला जाऊ लागले, तेव्हा तिने घरातच पाळणाघर सुरू केलं. पोरांनी मारामाऱ्या करू नयेत म्हणून काढलेला तो खेळ होता.

पण पोरं पाढे विसरेनाशी झाली, कविता घडाघडा म्हणू लागली आणि सोसायट्यांमध्ये पुतळामावशीचं नाव झालं. पोराचा पहिला नंबर यावा म्हणून आया सकाळी भिजवलेले बदाम भरवायच्या, कडू सिरप पाजायच्या. त्यांना हा खेळ म्हणजे लॉटरीच वाटली.

सगळ्यांत तल्लख वैदेही, पहिलीतली. तिची आई वैजयंती बँकेत होती. पाच वाजता लेकीला न्यायला आली की पुतळाजवळ घटकाभर टेकायची. "इथे माझं असं कोणी नाही, मावशी. तुम्हीच काय त्या," म्हणायची. वडील नंदकुमार बेलापूरला सरकारी ऑफिसात, त्यांना घरी यायला आठ वाजायचे.

एक दिवस भर दुपारी हा नंदकुमार ओटीवर हजर झाला. हातात पेढ्यांचा पुडा.

"मावशी, तुमचा खेळ एक नंबर आहे. अजून एक सुरू करा ना. काल संध्याकाळी घरी गेल्यापासून झोपेपर्यंत काय काय झालं, ते पोरांनी क्रमाने सांगायचं. एका मासिकात आलंय. स्मरणशक्ती जबरदस्त वाढते."

"मासिकातला आमाला काय समजतंय, साहेब?"

"तुम्हाला नाही तर कोणाला समजणार? तुम्ही टीचर आहात त्यांच्या."

टीचर! चौथीत शाळा सुटलेल्या पुतळाला तो शब्द पेढ्यापेक्षा गोड लागला. दुसऱ्याच दिवशी 'कालचा दिवस' सुरू झाला. पोरं सांगायची आणि थांबली की पुतळा म्हणायची, "मंग?" की पोरं पुढचं आठवायची. कोणाकडे भांडण झालं, कोणाची डाळ करपली, ते ती या कानाने ऐकून त्या कानाने सोडून द्यायची. मधलं काही सुटलं नाही ना, एवढंच तिचं लक्ष. वैदेहीचं कधीच सुटायचं नाही. नंदकुमार मधूनमधून लवकर येऊन ओटीखाली उभा राहायचा आणि कौतुकाने ऐकायचा. निदान पुतळाला ते कौतुक वाटायचं.

"रविवारी घरी पाहुणे येतायत, मावशी," एकदा तो म्हणाला. "वैदेहीचा खेळ त्यांना दाखवू. परात घेऊनच या."

पुतळा ठेवणीतलं लुगडं नेसून, परात चिंचेने लख्ख घासून गेली. हॉलमध्ये वैजयंतीचे आईवडील होते, थेट राजापूरहून आलेले. नंदकुमारचा थोरला भाऊ होता. वैजयंती पोह्यांच्या बशा देत होती. पुतळाला पाहून तिचा चेहरा खुलला. "बरं झालं तुम्ही आलात."

परातीतली एकही वस्तू वैदेही विसरली नाही. आजोबांनी मांडीवर थाप मारली. पुतळाची मान ताठ झाली.

"आता कालचा दिवस," नंदकुमार म्हणाला. "पण कालचा नको, मावशी. बुधवारचा विचारा."

"बुधवारचा? चार दिस झालं की."

"सांगेल. तुमची शिष्या आहे."

"सांग बाय," पुतळा लाडाने म्हणाली, "बुधवारी काय काय झाला? काय सोरायचा नाय हां."

वैदेही हात मागे बांधून उभी राहिली. "आई मला न्यायला आली. मग बँकेतले कमळाकरकाका स्कूटर घेऊन आले. मी पुढे उभी, आई मागे. मग घरी आलो. आईने चहा केला. मला टीव्ही लावून दिला. मग आई रडली. काकांनी रुमाल दिला. काका म्हणाले, माझ्यावर सोड. आई म्हणाली, यांना कळता कामा नये."

ती दम घ्यायला थांबली. गुरुवारी पोरीने हेच ओटीवर सांगितलं तेव्हा नंदकुमार खाली उभा होता. काय चाललंय ते पुतळाला त्या क्षणी लख्ख कळलं, पण जिभेला सवय लागलेली होती.

"मंग?" ती बोलून गेली.

"मग काका गेले. मग आईने कप लगेच धुऊन ठेवले." वैदेहीने सगळ्यांकडे पाहिलं. "मावशी, टाळ्या?"

कोणीच वाजवल्या नाहीत. वैजयंतीने हातातली बशी खाली ठेवली.

"माझी पुण्याला बदली होतेय," ती म्हणाली. "ती थांबवायला कमळाकर मॅनेजरशी बोलणार होते. यांना कळलं असतं तर नोकरीच सोड म्हणाले असते. म्हणून..."

"मग कप कशाला धुतले लगेच?" थोरल्या भावाने विचारलं.

वैजयंतीने नवऱ्याकडे पाहिलं नाही, पुतळाकडे पाहिलं. "मावशी, तुम्हीसुद्धा?"

पुतळाला रडू आलं ते जिन्यात. परात विसरली होती, ती द्यायला नंदकुमार मागोमाग आला.

"तू मना फसवलास," ती म्हणाली. आजवर साहेब म्हणत होती, ते गळून पडलं. "खेल बोललास आनि पोरीच्या तोंडून तिच्या आयशीचा गला कापलास. माज्या हातून कापलास."

"यात एक शब्द तरी खोटा होता का, मावशी?" त्याने शांतपणे विचारलं.

नव्हता. तेच पुतळाला घरी पोचेपर्यंत जाळत राहिलं.

वैजयंतीला त्याच संध्याकाळी वडिलांबरोबर राजापूरला धाडलं. वैदेहीला ठेवून घेतलं. सोमवारी नंदकुमार तिला ओटीवर सोडून गेला, जसं काही झालंच नव्हतं. पुतळाच्या मनात आलं, सांगावं, दुसरीकडे ने. पण पोरीच्या वेण्या तिने पाहिल्या, वेड्यावाकड्या, बापाने घातलेल्या. तिने निमूट त्या सोडून पुन्हा घातल्या.

दुपारी पोरांनी परातीसाठी गलका केला. पुतळाने नाइलाजाने मांडली आणि झाकली. वैदेहीचा नंबर आला.

"आठवत नाही," ती म्हणाली.

पोरं फिदीफिदी हसली. "एक तरी सांग!"

"आठवत नाही."

ओठ घट्ट मिटलेले होते. मांडीवरची बोटं मात्र एकेक करून दुमडत होती, लिंबाचं एक, शिंपलीचं एक, कुलपाचं एक. पुतळाने ते पाहिलं आणि टॉवेल काढून वस्तू जागच्या जागी ठेवून दिल्या.

संध्याकाळी नंदकुमार न्यायला आला तेव्हा ती त्याच परातीत तांदळाचं पीठ मळत होती.

"काय मावशी, आज काय काय सांगितलं वैदेहीने?"

पुतळाने मान वर केली नाही.

"मना नाय आठवत."

पायरीवर बसून सँडल घालणारी वैदेही थांबली. तिने मावशीकडे पाहिलं आणि मग खाली वाकून ती बकल लावू लागली.