गुंजीचे वजन

मित्रांनो, मी एक जुना काटा आहे. पायात रुततो तो नव्हे, सोने तोलतात तो. धुळ्याच्या एका पितळकाम करणाऱ्या कारागिराने मला घडवले. दोन लहान पारडी, वर दांडी, दांडीच्या मधोमध सुईसारखा निमुळता दर्शक आणि वाऱ्याने हलू नये म्हणून भोवती काचेची पेटी. जळगावच्या प्रेमराज सोनारांनी मला घरी आणले तेव्हा त्यांना नुकती कुठे मिसरूड फुटली होती.

पुढची चाळीस वर्षे मी त्यांच्या बैठकीसमोर काढली. मंगळसूत्राच्या वाट्या, बाळाचे वाळे, कुणाची मोडायला आणलेली अंगठी, सारे माझ्यावरून गेले. "प्रेमराजभाऊंच्या काट्यावर तोललं, आता दुसरीकडे तोलायला नको," असे लोक म्हणत आणि मला फार बरे वाटे. मग बॅटरीवर चालणारे काटे आले. भाऊंची नजरही अधू झाली. त्यांनी काम थांबवले आणि मी कपाटात, जुन्या चादरींच्या मागे जाऊन बसलो. तोपर्यंत घरात सगळे त्यांना आबा म्हणू लागले होते.

नऊ वर्षांनी आबांनी मला बाहेर काढले ते एका पाखरासाठी.

गुंजी ही त्यांच्या नातीची, भाविकाची कॉकाटील, म्हणजे पोपटाच्या जातीचे लहानसे पाखरू. राखाडी अंग, डोक्यावर पिवळा तुरा आणि दोन्ही गालांवर लालसर ठिपके. पूर्वी सोनार ज्या लाल बियांनी सोने तोलत, त्या गुंजांसारखे ते ठिपके दिसत, म्हणून आबांनीच तिचे नाव गुंजी ठेवले. भाविका शाळेत गेली की ती दिवसभर आबांच्या खांद्यावर. आबा सूर्यफुलाच्या बिया दातांनी फोडून तिला भरवत. दुसरे काही ती खात नसे आणि आबाही आग्रह करत नसत.

दिवाळीनंतर ती पिसे फुलवून एका जागी बसू लागली. भाविकाची आई दिपमाला आणि आबा तिला पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. यकृत खराब झाले आहे, असे त्यांनी सांगितले. नुसत्या तेलबिया खाऊन असे होते म्हणाले. औषध दिले आणि बजावले, "रोज सकाळी काही खायच्या आधी वजन करा. पाखरं आजार लपवतात. वजनावरूनच कळेल."

"नवा काटा मागवू का?" घरी आल्यावर दिपमालाने विचारले.

"घरात काटा शे ना," आबा त्यांच्या अहिराणी बोलीत म्हणाले.

त्यांनी माझ्यावरची धूळ पुसली, पेटी काढून ठेवली. गुंजीला मऊ रुमालात गुंडाळून एका पारड्यात ठेवले. दुसऱ्यात तसाच रुमाल आणि वजने. ब्याऐंशी ग्रॅम. मी जन्मभर थंड धातू तोलला होता. माझ्या पारड्यात धडधडणारे काही ठेवले गेले ते त्या दिवशी पहिल्यांदा.

मग रोज सकाळी तेच. भाविका दप्तर अडकवून दारात थांबे. "आबा, किती?" आबा आकडा सांगत. एकोणऐंशी. पंचाहत्तर. एकदा शहात्तर झाले तेव्हा ती नाचतच शाळेत गेली. मग एकाहत्तर. गुंजीला पेरूची फोड दिली, कोथिंबीर दिली, ती नुसती बघत राही.

एका गुरुवारी माझा दर्शक मधोमध आला तेव्हा पारड्यात पासष्ट ग्रॅम होते. भाविकाने विचारले. आबांनी तिच्याकडे न बघता चिमट्याने वजने भराभर डबीत टाकली.

"बहात्तर," ते म्हणाले. "बरी शे आज. तू जा, बेटा."

मित्रांनो, चाळीस वर्षांत त्यांच्या तोंडून खोटे वजन मी ऐकले नव्हते. मला बोलता येत नाही. भाविका हसत शाळेत गेली.

शुक्रवारी मात्र ती पारड्यापाशीच येऊन उभी राहिली. तिने एकेक वजन बोटाने मोजले. पन्नास, दहा, दोन, एक.

"त्रेसष्ट," ती म्हणाली. "काल बहात्तर होतं ना? एका दिवसात नऊ ग्रॅम?"

आबा खाली बसले. "कालही पासष्टच होतं," ते म्हणाले.

भाविकाने दप्तर काढून खुंटीला लावले आणि ती गुंजीला मांडीवर घेऊन बसली. दिपमालाने शाळेत फोन केला. दुपारी गुंजीने एकदा डोके वर केले, भाविकाच्या बोटावर चोच टेकवली आणि थोड्या वेळाने मान टाकली.

भाविकाने तिला रुमालात गुंडाळले. मग ती आबांकडे आली. "हिचं वजन करा."

"आता कशाला, माय?"

"करा."

आबांनी गुंजीला पारड्यात ठेवले. त्रेसष्ट भरले.

"सकाळी पण एवढंच होतं," ती म्हणाली. "मग गेलं काय?"

"मला नाही माहीत, बेटा," आबा म्हणाले. मग दोघेही रडले.

त्यांनी गुंजीला मागच्या कढीपत्त्याखाली पुरले. नंतरचे दिवस घर सुने होते. आबा सकाळी सवयीने बियांचा डबा उचलत आणि परत ठेवत. भाविका त्यांच्याशी कामापुरतेच बोले. चौथ्या दिवशी ती शाळेतून आली तेव्हा आबा माझ्यासमोर बसले होते.

"बठ्ठी चूक मन्ही शे," ते म्हणाले. "सगळी माझीच. बिया मीच दिल्या."

"तिला आवडायच्या म्हणून दिल्या. त्याचा नाही राग," भाविका म्हणाली. "तुम्ही खोटं सांगितलं. खरं सांगितलं असतं तर मी गुरुवारी पण तिच्याजवळ बसले असते. माझा एक दिवस गेला."

आबांनी मान हलवली. "यापुढे नाही सांगणार खोटं."

"नक्की?"

"नक्की."

तिने त्यांच्याकडे निरखून पाहिले. "मग सांगा, तुम्ही जेवता का दुपारी?"

"नाही," आबा म्हणाले.

ती आत गेली, ताटात भाकरी आणि शेवभाजी घेऊन आली आणि ते जेवेपर्यंत समोर बसून राहिली.

आता मी कपाटात नसतो. गल्लीतले छगनभाऊ लव्हबर्डची जोडी पाळतात. दर रविवारी भाविका आणि आबा मला त्यांच्याकडे घेऊन जातात. परवा एक पाखरू तीन ग्रॅमने कमी भरले.

"तीनच ना? काही नाही होत," छगनभाऊ म्हणाले आणि आबांकडे बघू लागले.

"तीन म्हणजे खूप आहे, काका," भाविका म्हणाली. "आजच डॉक्टरांकडे न्या." आबांनी त्यात काही कमी-जास्त केले नाही. छगनभाऊ त्याच दुपारी गेले आणि ते पाखरू आता नीट खाते आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादे पाखरू असेल तर रोज सकाळी त्याच्याकडे नीट बघा. त्याला काय आवडते एवढेच नको, काय मानवते तेही विचारून घ्या. आणि ते आजारी पडले, घरातली मोठी माणसे काही लपवत आहेत असे वाटले, तर शांतपणे विचारा, "खरं किती?" खरे पेलवेल तुम्हाला. दहा वर्षांच्या मुलीला ते पेलताना मी अगदी जवळून पाहिले आहे.