कागदावर पंधरा

हरीशच्या गाडीला मागून कुणीतरी ठोकलं आणि त्याचा त्याला इतका आनंद झाला की त्याच्या बायकोला, सीमाला, त्याची लाज वाटली.

लंडनजवळ स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटमधल्या ऑफिसातून घरी येताना तो राउंडअबाउटपाशी थांबला होता. मागून एका बेकरीची व्हॅन आली आणि त्याच्या पांढऱ्या गाडीची मागची बाजू आत गेली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. चूक उघड उघड व्हॅनवाल्याची होती, त्यामुळे त्याच्या विमा कंपनीने दुरुस्तीचा सगळा खर्च निमूटपणे दिला. महिन्याभरात गाडी चकचकीत होऊन दारात उभी राहिली. एखादा माणूस तेवढ्यावर गप्प बसला असता. पण हरीशला ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं, की कितीही छान दुरुस्त केली तरी ठोकलेली गाडी विकताना किंमत कमीच येते, आणि तो फरकसुद्धा समोरच्या विमा कंपनीकडून मागता येतो. त्याला म्हणे 'डिमिन्यूशन इन व्हॅल्यू' म्हणतात. पुढचे दोन आठवडे हरीश दात घासतानाही तेच शब्द म्हणत होता.

मागणी खोटी नव्हती, हे सीमालाही मान्य होतं. गाड्यांची किंमत ठरवणारा इंजिनिअर येऊन गाडी पाहून गेला आणि त्याने लिहून दिलं, अपघाताआधी अठरा हजार पाउंड, आता पंधरा. पत्र लिहायचं काम अर्थातच सीमाच्या गळ्यात पडलं, कारण हरीश स्वतःला कितीही मोठा आर्किटेक्ट म्हणवून घेत असला तरी त्याचं इंग्रजी तीन ओळींनंतर धापा टाकायचं. तिने लिहिलं की गाडीचा मागचा पत्रा कापून नवा जोडला आहे, काम उत्तम झालं आहे, पण हे कळल्यावर कुठलंही जाणतं गिऱ्हाईक पंधरा हजारांच्या वर देणार नाही.

हरीशने वाचून मान डोलावली. "थोडं अजून सॅड कर," तो म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी त्याने तिला दुसरं काम सांगितलं. तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गाडीची जाहिरात टाकायची होती, तीही मराठीत, म्हणजे घरचं माणूस बोलतंय असं वाटतं.

"काय लिहू?"

"वन ओनर. लेकीसारखी सांभाळलीये. अठरा हजार."

"आणि ॲक्सिडेंट?"

"कोणी स्पेसिफिकली विचारलं तर सांगू ना."

"अरे, कालच्याच पत्रात आपण—"

"ते इंग्लिशमध्ये आहे," हरीश म्हणाला. त्याच्या मते इंग्रजीतली गाडी वेगळी आणि मराठीतली वेगळी होती.

सीमाने लिहायला नकार दिला. मग त्याने स्वतःच लिहिलं, चार ओळींत तीन चुका करून.

गिऱ्हाईक मिळालं ते नेमकं नकुल. आठ महिन्यांपूर्वी नागपूरहून वर्क व्हिसावर आलेला हा मुलगा मंडळात सगळ्यांना दादा-ताई करत असायचा. त्याची बायको अक्षया एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होती. तिची शिफ्ट पहाटे सुरू व्हायची, त्या वेळी बस नसायची, आणि अर्धा पगार टॅक्सीत जायचा. दर गुरुवारी सीमा आणि ती वेम्बलीला ईलिंग रोडवर भाजी आणायला जायच्या. या देशात बारा वर्षं काढल्यावर सीमाला मनातलं बोलायला मिळालेली ही पहिली बाई होती.

शनिवारी दुपारी नकुल आणि अक्षया गाडी बघायला आले. नकुलने नंबर टाकून ऑनलाइन तपासणीही केली होती, पण गाडी भंगारात निघाली नव्हती, नुसती दुरुस्त झाली होती, म्हणून तिथे काहीच दिसलं नाही.

"फिरून बघ चारी बाजूंनी," हरीश म्हणाला. "कुठे एक ओरखडा दिसला तर सांग."

ओरखडा नव्हताच. एकही शब्द खोटा न बोलता फसवायचं, ही हरीशची हुशारी होती आणि तिचा त्याला अभिमान होता. सौदा अठराला ठरला. सीमा चहा देताना अक्षयाकडे बघू शकली नाही.

मग सोमवारी विमा कंपनीची ईमेल आली. गाडी विकली असल्यास विक्रीची पावती पाठवावी. हरीशचा चेहरा पडला. अठराची पावती दाखवली तर नुकसान झालंच कुठे? पाच मिनिटं तो भिंतीकडे बघत बसला आणि मग एकदम खुलला.

"आपण पुण्यातला फ्लॅट कसा घेतला होता?"

सीमाला आठवलं. कागदावर कमी किंमत आणि बाकीचे पैसे कापडी पिशवीत.

"पावती पंधराची करायची," हरीश म्हणाला. "तीन हातात. नकुलला सांगतो, टॅक्सचं काहीतरी आहे."

नकुल फोनवर "चालेल ना दादा" म्हणाला. हरीशला स्वतःच्या डोक्याचं इतकं कौतुक वाटलं, की त्याने संध्याकाळी स्वतःसाठी समोसे आणले.

गुरुवारी भाजी घेता घेता अक्षया थांबली. "सीमाताई, एक विचारू? नकुल म्हणतो विचारू नको, दादांना वाईट वाटेल. पण तीन हजार कॅश कशाला? आम्ही ते माझ्या आईकडून मागवतोय. गाडी ठीक आहे ना?"

'ठीक आहे' म्हटलं असतं तर तेही खरंच होतं, हरीशच्या पद्धतीने. घरी महिनाभर अबोला, टोमणे, आदळआपट, हे सगळं तिला दिसत होतं. आणि समोर ही मुलगी, तिच्यावर डोळे मिटून विश्वास टाकणारी. हिला आज फसवलं तर पुढच्या गुरुवारी हिच्या शेजारी उभं कसं राहायचं, हे सीमाला कळेना. तिने फोन काढला आणि विमा कंपनीला पाठवलेलं पत्र उघडून तिच्या हातात दिलं.

"हे मी लिहिलंय. वाच."

अक्षयाने दोनदा वाचलं. "म्हणजे गाडी वाईट नाहीये."

"नाही गं. सेफ आहे. फक्त पंधराची आहे."

अक्षयाने फोन परत दिला. तिने मेथीची एक जुडी सीमाच्या पिशवीत टाकली आणि दोघी पुढे गेल्या.

रविवारी ती दोघं आली. नकुलने तिथेच बसून फोनवरून पंधरा हजार पाठवले. हरीशने पावतीवर सही केली, गाडीच्या नोंदणीचं लॉगबुक त्यांच्या नावावर केलं, किल्ली दिली. मग तो हात चोळत हसत बसला. नकुलने सावकाश चहा संपवला आणि उठला.

"आणि ते बाकीचं?" हरीश म्हणाला.

"बाकीचं काय, दादा?"

"अरे, तीन. ठरलं होतं ना आपलं."

"पावती पंधराची आहे ना," नकुल अतिशय अदबीने म्हणाला. "आणि तुमच्या क्लेमच्या लेटरमध्येही पंधराच लिहिलंय. तुम्ही चुकीचं कशाला लिहाल?"

हरीश त्यांच्यामागे दारापर्यंत गेला. तक्रार करायची कुणाकडे, आणि काय म्हणून? गाडी रस्त्याच्या टोकाला वळून दिसेनाशी झाली तरी तो दारातच उभा होता.

"तू दाखवलंस त्यांना पत्र," तो म्हणाला.

"हो."

"बायको ना तू माझी?"

"म्हणून तर मी लिहिलं होतं. खरं तेच लिहिलं होतं."

अबोला ठरल्याप्रमाणे झाला, पण सीमाला त्याचं फारसं काही वाटलं नाही. सहा आठवड्यांनी विमा कंपनीचे तीन हजार खात्यात आले. पंधरा गाडीचे, तीन नुकसानीचे, म्हणजे अपघाताआधी गाडीची जी किंमत होती ती पै न पै हातात पडली होती. तरीही हरीश सुतकात असल्यासारखा वावरत होता. मंडळात जाणं त्याने बंद केलं. एका रविवारी जेवता जेवता त्याने ताट बाजूला सारलं.

"आपल्याच माणसांनी लुटलं मला," तो म्हणाला.

सीमाने त्याच्याकडे बघितलं. "काय नेलं रे त्यांनी तुझं?"

हरीशने बोटांवर हिशोब मांडायला घेतला, आणि तो पुन्हा पुन्हा अठरावरच आला.