पायाळू सून

२०१७ सालचा मार्गशीर्ष. पालमच्या बाजारपेठेत गुरुपादअप्पा आपल्याच दुकानाच्या ओसरीत पालथे पडून थोरल्या सुनेच्या पायाची वाट बघत होते. आदल्या दिवशी हरभऱ्याचं पोतं उचलताना कमरेत चमक भरली. शेकून झालं, निर्गुडीचा पाला बांधून झाला, तेल जिरवून झालं; कण्हणं थांबेना.

त्रिवेणी पायाळू, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेली. अशा माणसानं पाय लावला की पाठीतली उसण उतरते, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. पण लग्नाच्या पहिल्याच वर्षी तिनं शेजारच्या सुलाबाईच्या पाठीला पाय लावला आणि अप्पांनी पाहिलं. "आमच्या घरची सून लोकायच्या पाठीवर पाय देत बसणार न्हाई," म्हणाले. तिनं ते सोडलं नाही, आणि पुढं अकरा वर्षं ते तिच्याशी सरळ बोलले नाहीत. काही हवं असलं की सासूला म्हणायचे, "सांग तिला."

आजचं बोलावणंही सासूकडूनच आलं. त्रिवेणीचा नवरा माल घेऊन हैदराबादला गेलेला.

"वडील माणूस म्हणून भिऊ नको," सासू मल्लम्मा म्हणाल्या. "मागून पाया पड, झालं."

त्रिवेणीनं पाय धुतले. पाय लावताना अवाक्षर काढायचं नाही, ही तिच्या माहेरची रीत. तिनं पाय उचलला आणि तो तसाच राहिला. अप्पांचं धोतर लघवीनं ओलं झालं होतं, आणि त्यांना ते ठाऊक दिसत नव्हतं.

तिनं पायाचा अंगठा त्यांच्या डाव्या टाचेवर टेकवला. दाबला. अंगाचा भार दिला.

"अप्पा, लागतंय का?"

"लागंल कसं? आदी पाय तर लाव," अप्पा भिंतीकडं तोंड करून म्हणाले. अकरा वर्षांत तिच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

तिचा पाय टाचेवरच होता.

तिनं तो काढून घेतला. "ही उसण न्हाई. मी पाय लावणार न्हाई. परभणीला न्या, आत्ताच."

धाकटा दीर मंगेश उठला. "वैनी, अकरा वर्षाचं उट्टं आज काढायल्या का?"

"तसं समजा. पण गाडी आणा."

"लय मोठी डाक्टरीन झाली बाई," दारातून सुलाबाई म्हणाली. "आमच्या पाठीला चालतोय पाय, सासऱ्याच्याला चालंना."

"लेकरा, मी पाया पडते तुझ्या," मल्लम्मांचा आवाज चिरकला. "न्हाई गुण आला तर उद्या नेऊ की."

त्या 'उद्या'लाच त्रिवेणी भीत होती. माहेरी एका गवंड्याच्या पाठीला तिनं पाय लावला होता. आता गुण येईल म्हणून घरचे तीन दिवस थांबले. तो पुन्हा उठला नाही.

तिनं खुंटीवरून पोती शिवायचा दाभण काढला आणि मंगेशच्या हातात दिला. "तुमीच बगा. टाचेला टोचा."

मंगेशनं हळूच टोचलं. मग जोरात. रक्ताचा थेंब वर आला.

"सगळे गप का झाले?" अप्पा म्हणाले. "लाव म्हणा की तिला."

मंगेश चपला न घालताच गाडी आणायला धावला.

परभणीत ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, अजून एक रात्र गेली असती तर दोन्ही पाय गेले असते. उजवा परत आला. डाव्यातली जाण काही आली नाही. अप्पा काठीवर चार वर्षं जगले. मंगेश आता दुकान बघतो. जड पोतं दिसलं की आधी हमालाला हाक मारतो. मल्लम्मांना ऐकू येत नाही. त्रिवेणीचा नवरा अजून मालाच्या गाडीवरच असतो. सुलाबाईची पाठ धरली की ती एसटीनं सोनपेठच्या दुसऱ्या पायाळूकडं जाते. नाही म्हणणाऱ्या पायात गुण राहत नाही, असं तिचं म्हणणं. त्रिवेणीकडं त्यानंतर कुणी आलं नाही.

अप्पा होते तोवर रोज सकाळी ती त्यांच्या डाव्या पायाला तेल चोळायची. टाचेवर अंगठा दाबून विचारायची, "लागतंय का, अप्पा?"

"लागतंय की."

शेवटी शेवटी त्यांची नजरही गेली. ती तेलाची वाटी घेऊन नुसती पायाशी बसायची, अजून हातही लावलेला नसायचा, तोच अप्पा म्हणायचे, "लागतंय, पोरी, लागतंय."

मग ती चोळायला लागायची.