अंबूबाईच्या सायकलीची दांडी

जैनुद्दीनला एक खोड होती. समोरच्याचं बोलणं संपायच्या आत त्याला सगळं समजलेलं असायचं. कराडजवळच्या साखर कारखान्यात तो वेल्डर होता, आणि पाळी सुटली की घरामागच्या पत्र्याच्या शेडात माणसाच्या मापाच्या सायकली करायचा. चाकं, साखळी बाजारातली. फ्रेम मात्र त्याच्या हातची.

अंबूबाई आली ती लाजत लाजत. "दुकानातली सायकल मला लय उंच पडती. मालकांचा पाय लढाईत गेला, तुमाला ठावं हाय. आता कारखान्याच्या गेटावर रखवालदारी मिळालीया. एक तारखेला हजर व्हायचंय. रोज दोन कोस मीच न्हेनार, पर त्यांना..."

"समजलं वैनी! कॅरियर दणकट करतो." त्यानं शकिलेला, आपल्या बायकोला, दोरी देऊन माप घ्यायला लावलं आणि कामाला लागला.

चार दिवस उरले तेव्हा फ्रेम तयार झाली. अंबूबाई बघतच राहिली. "दांडी कुठं हाय?"

"लुगड्याला आडवी येती म्हणून ठेवलीच न्हाई."

"कासोट्याला कसली अडचण, भाऊ? मागं त्यांचा तोल जातोय. म्होरं दांडीवर बसलं म्हंजी माझ्या दोन हातांत ऱ्हात्यात. त्येच सांगत हुते, तुमी बोलू दिलं न्हाई."

जैनुद्दीनचं तोंड एवढंसं झालं. "हात लय चालत्यात तुमचं," शकिला म्हणाली, "कान बी चालवा जरा."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून तो अंबूबाईच्या नवऱ्याचं, लालासाहेबाचं, माप घ्यायला गेला. गडी उंबऱ्यात बसलेला. "बायकोच्या म्होरं बसून ड्युटीला जाऊ व्हय रं? हसतील लोक."

जैनुद्दीनच्या जिभेवर उत्तर तयार होतं. त्यानं ते गिळलं आणि त्याच्या शेजारी टेकला. मग लालासाहेबच बोलायला लागला. दवाखान्याचं बोलला, नसलेला पाय अजून खाजतो ते बोलला. दीड वर्षं हाच उंबरा बघतोय, म्हणाला. दुपार कलली तेव्हा लालासाहेब म्हणाला, "घे माप."

जैनुद्दीननं आधीच्या नळ्या कापल्या, सरळ दांडी जोडली, तिला घोंगड्याचा तुकडा गुंडाळला आणि कुबडीसाठी पट्टा लावला.

एक तारखेला सकाळी तो गेटापाशी थांबला. अंबूबाई घामाघूम होऊन आली. तिच्या दोन हातांच्या मधे लालासाहेब ताठ बसलेला. पाळीवर निघालेला एक जण फिदीफिदी हसला.

लालासाहेब उतरला, कुबडी घेतली, टोपी सरळ केली. "हसतोस काय रं? साहेब लोकांना ड्रायव्हर असतोय, मला बी हाय." मग अंबूबाईकडं वळून हळूच म्हणाला, "सांजच्याला येशील न्हवं?"